दर वेळी सफाई करूनही फंक्शनल प्रोग्रॅममध्ये अनावश्यक कोड पुन्हा का साचतो, आणि तो मुळापासून कसा काढावा

काही वर्षे वापरात असलेल्या फंक्शनल प्रोग्रॅममध्ये एक स्थिती हमखास आढळते. कंपायलर एकही इशारा देत नाही, सगळ्या चाचण्या उत्तीर्ण होतात आणि प्रोग्रॅम आपले काम चोख करतो. तरीही कोड वाचायला बसले की मधूनमधून असे एखादे फंक्शन भेटते, जे अजून लागते की नाही हे कोणालाच खात्रीने सांगता येत नाही. मग कोणीतरी एक दिवस खास काढून सफाईला बसतो, एकेक नाव सगळ्या फाइलींमध्ये शोधतो, जे कोठेच दिसत नाही ते काढून टाकतो, आणि काही महिन्यांनी गाडी पुन्हा मूळ पदावर येते.

हॅस्केल या फंक्शनल भाषेत लिहिलेल्या एका प्रोग्रॅमवर मी अशी सफाई दोनदा केली आणि दोन्ही वेळा ती फसली. प्रोग्रॅमचे काम साधे होते: वेगवेगळ्या स्वरूपांतील नोंदींच्या फाइली वाचायच्या, नोंदी तपासायच्या आणि त्यांवरून अहवाल तयार करायचा. तिसऱ्या वेळी मी शोधण्याची पद्धतच बदलली, तेव्हा लक्षात आले की आधीच्या दोन्ही वेळा मी चुकीचा प्रश्न विचारत होतो. ‘या फंक्शनला कोणी बोलावते का?’ हा तो प्रश्न. विचारायला हवे होते ते असे: ‘प्रोग्रॅम जिथून सुरू होतो तिथून निघाले तर या फंक्शनपर्यंत पोहोचता येते का?’ वरवर दोन्ही प्रश्न एकच वाटतात, पण त्यांची उत्तरे वेगळी येतात, आणि साचलेला बहुतेक कोड या फरकातच लपलेला असतो. पुढील उदाहरणांतील फंक्शनांची नावे वाचायला सोपी जावीत म्हणून मराठीत दिली आहेत.

नाव शोधण्याची पद्धत कोठे कमी पडते

त्या प्रोग्रॅममध्ये ‘ओळ-जुळव’ आणि ‘गट-जुळव’ अशी दोन फंक्शने होती. नोंदींमध्ये एकात एक गट येऊ शकत असल्यामुळे पहिले फंक्शन दुसऱ्याला बोलावत होते आणि दुसरे पहिल्याला. नाव शोधले की प्रत्येकाचा किमान एक वापर सापडायचा, म्हणून दोन्ही सफायांमध्ये ती वाचली. प्रत्यक्षात त्या जोडीला बाहेरून बोलावणारे एकमेव फंक्शन फार पूर्वीच काढले गेले होते. ती दोघे एकमेकांच्या आधारावर उभी होती, एवढेच.

स्मृती-व्यवस्थापनाशी ज्यांचा परिचय आहे त्यांना ही अडचण ओळखीची वाटेल. एखाद्या वस्तूकडे किती संदर्भ येतात हे मोजत राहिले, तर एकमेकांकडे बोट दाखवणाऱ्या वस्तूंचे वर्तुळ कधीच मोकळे होत नाही. जॉन मॅकार्थी यांनी लिस्पसाठी १९६० मध्ये मांडलेली पद्धत वेगळी होती: ठरावीक मुळांपासून, म्हणजे जे लागणारच असे धरलेले असते तिथून, निघावे, जिथवर पोहोचता येते तिथवर खुणा करत जावे आणि खूण नसलेले सगळे मोकळे करावे. नाव शोधणे म्हणजे संदर्भ मोजणे. आपल्याला हवी आहे ती मुळांपासून खुणा करण्याची पद्धत, फक्त स्मृतीऐवजी कोडवर चालवलेली. फंक्शनल भाषांत पुनरावर्तन (फंक्शनने स्वतःलाच बोलावणे) आणि परस्पर-पुनरावर्तन (दोन फंक्शनांनी एकमेकांना बोलावणे) रोजचेच असल्यामुळे ही वर्तुळे तिथे विशेष सहज तयार होतात.

इथे एक मर्यादा आधीच सांगितली पाहिजे. नावांच्या साखळीने पोहोचता येते की नाही, हे यंत्राला नेमके सांगता येते. पोहोचता येत असूनही एखादी शाखा प्रत्यक्षात कधी चालेल का, हा प्रश्न मात्र सर्वसाधारणपणे सोडवता येत नाही. प्रोग्रॅमच्या वर्तनाविषयीचे असे प्रश्न अनिर्णेय असतात, हे हेन्री राइस यांनी १९५३ मध्ये सिद्ध केले. म्हणून कोणतेही साधन ‘एवढाच अनावश्यक कोड आहे’ असा दाखला देऊ शकत नाही. ‘इतका तरी नक्की आहे’ एवढेच ते सांगते, आणि व्यवहारात तेवढे पुष्कळ असते.

पहिले काम: एक्स्पोर्टची यादी आवळणे

बरेच जण थेट एखादे मोठे साधन चालवायला घेतात. माझा आग्रह असा की त्याआधी कंपायलरलाच बोलते करावे. तो गप्प का आहे हे समजले की निम्मे निदान झाले.

हॅस्केलच्या जीएचसी या कंपायलरमध्ये ‘अनयूज्ड-टॉप-बाइंड्स’ नावाचा इशारा आहे आणि नेहमीच्या ‘डब्ल्यू-ऑल’ पर्यायात तो येतोच. शिवाय तो संदर्भ मोजत नाही. एक्स्पोर्ट झालेले, म्हणजे इतर मॉड्यूलांना उपलब्ध करून दिलेले, नाव वापरात आहे असे धरून तो पुढे जातो आणि वापरात असलेल्या व्याख्येच्या उजव्या बाजूला येणारी नावेच वापरात धरतो, म्हणजे मॉड्यूलपुरती तो खुणा करण्याचीच पद्धत चालवतो. ‘ओळ-जुळव’ आणि ‘गट-जुळव’ यांची जोडी त्याने सहज पकडली असती. पकडली नाही, कारण त्या मॉड्यूलला एक्स्पोर्टची यादीच नव्हती. यादी दिली नाही तर मॉड्यूलमधली प्रत्येक व्याख्या एक्स्पोर्ट होते, प्रत्येक व्याख्या मूळ ठरते, आणि मुळेच मुळे असलेल्या ठिकाणी काहीही अनावश्यक उरत नाही.

याची सगळ्यांत फसवी आवृत्ती मुख्य मॉड्यूलमध्ये दिसते. मुख्य फाइलच्या सुरुवातीला मॉड्यूलचे शीर्षकच लिहिले नाही, तर भाषेच्या नियमानुसार फक्त ‘मेन’ (प्रोग्रॅम जिथून सुरू होतो ती व्याख्या) एक्स्पोर्ट होते आणि इशारे व्यवस्थित मिळतात. नीटनेटकेपणासाठी कोणी ‘मॉड्यूल मेन व्हेअर’ अशी ओळ वर लिहिली, की यादी नसल्यामुळे सगळेच एक्स्पोर्ट होते आणि त्या फाइलमधले इशारे बंद पडतात. कोणत्याही वेगळ्या मॉड्यूलला ‘मेन’ मॉड्यूल आयात करण्याची गरज सहसा नसते, म्हणून तिथे कंसात केवळ ‘मेन’ लिहावे. माझ्या प्रोग्रॅममध्ये एवढ्या एका बदलाने मुख्य फाइलमधले इशारे जागे झाले. बाकीच्या मॉड्यूलांमध्ये यादी कोठे नाही हे शोधण्यासाठी ‘मिसिंग-एक्स्पोर्ट-लिस्ट्स’ हा इशारा आहे. तो ‘डब्ल्यू-ऑल’मध्ये येत नाही, वेगळा मागावा लागतो.

ओकॅमल या दुसऱ्या फंक्शनल भाषेत हेच काम इंटरफेस फाइल करते; मॉड्यूलमधले काय बाहेर दिसावे ते तीत लिहिलेले असते. ‘एमएलआय’ फाइल नसेल तर मॉड्यूलमधले सर्व काही बाहेर दिसते आणि न वापरलेल्या मूल्याचा ३२ क्रमांकाचा इशारा येत नाही. ड्यून हे ओकॅमलचे बिल्ड साधन वापरणाऱ्यांना इथे एक सोय मिळते: प्रकल्पाच्या फाइलमध्ये ड्यून भाषेची आवृत्ती ३.० किंवा त्यापुढची लिहिली असेल, तर चालवता येणाऱ्या प्रोग्रॅमच्या मुख्य मॉड्यूलसाठी रिकामा इंटरफेस आपोआप गृहीत धरला जातो. जुन्या प्रकल्पात केवळ ही आवृत्ती वाढवली आणि अचानक इशाऱ्यांचा पाऊस पडला, असे झाले तर घाबरू नये. तो कोड आधीपासूनच पडून होता, आता दिसू लागला इतकेच. एल्ममध्ये ‘एक्स्पोझिंग’नंतर दोन टिंबे, अर्लांगमध्ये ‘एक्स्पोर्ट-ऑल’, एलिक्सिरमध्ये ‘डेफपी’ (मॉड्यूलपुरते खासगी फंक्शन) पुरले असते तिथे लिहिलेला ‘डेफ’ (बाहेर दिसणारे फंक्शन): रोग सगळीकडे एकच आहे.

याद्या आवळताना एकाच वेळी सगळ्या मॉड्यूलांना हात घालू नये. ज्या मॉड्यूलला फार थोडी मॉड्यूले आयात करतात, तिथून सुरुवात करावी. यादी आधी रिकामी ठेवावी, बिल्ड करावा, आणि जी नावे मिळत नाहीत अशी तक्रार येते तेवढीच यादीत घालावीत. हे कंटाळवाणे आहे, पण यात चूक करायला जागा राहत नाही, कारण यादी माणसाच्या स्मरणातून तयार होत नाही, ती प्रत्यक्ष वापरातून तयार होते.

दुसरे काम: पूर्ण प्रोग्रॅमवर खुणा करणे

कंपायलर एका वेळी एक मॉड्यूल पाहतो. एका मॉड्यूलने एक्स्पोर्ट केलेले आणि दुसऱ्याने आयात केलेले नाव त्याच्या दृष्टीने जिवंतच असते, मग ते दुसरे मॉड्यूल स्वतः कोणाला लागत नसले तरी. म्हणून याद्या आवळल्यावर पूर्ण प्रोग्रॅम एकत्र पाहणारे साधन लागते. हॅस्केलसाठी ‘वीडर’ (म्हणजे तण काढणारा) आहे, एल्मसाठी ‘एल्म-रिव्ह्यू’चे न वापरलेल्या कोडविषयीचे नियम आहेत, रीस्क्रिप्ट आणि ओकॅमलसाठी ‘रीॲनलाइझ’, क्लोजरसाठी ‘कार्व्ह’, आणि अर्लांगच्या तर मूळ संचातच ‘एक्सरेफ’ येते.

वीडरच्या कामाची रीत समजून घेण्यासारखी आहे, कारण तिच्यातूनच त्याचे दोषही कळतात. जीएचसी ८.८ पासून कंपायलरला ‘एफ-राइट-आयडीई-इन्फो’ असे सांगितले, तर तो प्रत्येक मॉड्यूलमागे एक एचआयई फाइल लिहितो आणि तीत कोणते नाव कोठे वापरले आहे याची नोंद ठेवतो. वीडर त्या सगळ्या फाइली वाचून एक आलेख तयार करतो आणि आपण दिलेल्या मुळांपासून खुणा करत जातो. जे उरते ती तणाची यादी. ती यादी एका फेरीतच पूर्ण असते. एक फंक्शन काढल्यावर त्याच्या आधाराने जगणारे दुसरे उघडे पडते, ही वाट पाहावी लागत नाही.

इथे तीन ठिकाणी अडखळायला होते. साधन ज्या आवृत्तीच्या कंपायलरने बांधले असेल, त्याच आवृत्तीने आपला प्रकल्प बांधलेला असावा लागतो, नाहीतर फाइली वाचताच येत नाहीत. हा दोष लगेच कळतो, म्हणून त्रासदायक नाही. शिळ्या फाइलींचा दोष जास्त वाईट आहे. आपण एखादे मॉड्यूल पुसून टाकले तरी त्याची जुनी एचआयई फाइल बिल्डच्या फोल्डरमध्ये पडून राहते, आणि वीडर तीही इमानाने वाचतो. काढलेल्या मॉड्यूलची भुते मग यादीत दिसत राहतात. आम्ही आधी साधनालाच दोष दिला होता. उपाय एवढाच की वीडर चालवण्यापूर्वी त्या सगळ्या फाइली पुसून बिल्ड पहिल्यापासून करावा.

तिसरे अडखळणे चाचण्यांविषयीचे आहे आणि माझ्या मते सफाई पुन्हा पुन्हा फसण्याचे ते सगळ्यांत मोठे कारण आहे. चाचण्यांचे मुख्य मॉड्यूलही मूळ म्हणून दिले, तर ज्या फंक्शनची केवळ चाचणी होते आणि ज्याचा वापर कोठेच होत नाही, तेही जिवंत ठरते. फंक्शन चाचणीमुळे जगते आणि चाचणी फंक्शन आहे म्हणून जगते; पुन्हा तेच वर्तुळ, फक्त मोठे. माझ्या प्रोग्रॅममध्ये तारखांचे एक जुने स्वरूप वाचणारे मॉड्यूल असेच होते. त्याच्या चाचण्या उत्तम होत्या, दर बदलागणिक त्या चालत होत्या आणि उत्तीर्ण होत होत्या, आणि ते मॉड्यूल अहवालाच्या वाटेवर कोठेच नव्हते. म्हणून साधन दोनदा चालवावे: एकदा सर्व मुळांसह, एकदा फक्त वापरात जाणाऱ्या प्रोग्रॅमच्या मुळांसह. दुसऱ्या यादीत जी जास्तीची नावे येतात, त्यांतली काही चाचण्यांची मदतनीस फंक्शने असतात आणि ती चाचण्यांच्या फोल्डरमध्ये हलवावीत. उरलेली, त्यांच्या चाचण्यांसकट, जायला हवीत.

टाइप क्लासच्या इन्स्टन्सविषयी वेगळे सांगावे लागेल. टाइप क्लास म्हणजे अनेक टाइपांना लागू होणाऱ्या फंक्शनांचा गट, आणि इन्स्टन्स म्हणजे एका टाइपसाठी लिहिलेली त्या फंक्शनांची व्याख्या. हॅस्केलमध्ये इन्स्टन्स एक्स्पोर्टच्या यादीत लिहिता येत नाही आणि लपवताही येत नाही. मॉड्यूल आयात झाले की तो सोबत येतो. त्यामुळे कंपायलर त्याच्याविषयी कधीच बोलत नाही. वीडरच्या सेटिंगमध्ये ‘टाइप-क्लास-रूट्स’ असा पर्याय आहे. तो चालू ठेवला तर सगळे इन्स्टन्स मुळे मानले जातात, आणि मग एखाद्या कधीही न लागणाऱ्या इन्स्टन्समध्ये वापरलेली फंक्शनेही वाचतात. पहिल्या सफाईत तो चालू ठेवावा, म्हणजे यादी आवाक्यात राहते; नंतर बंद करून इन्स्टन्सकडे वळावे.

जो कधी तयारच होत नाही तो कन्स्ट्रक्टर

आतापर्यंतचे सगळे फंक्शनांविषयीचे झाले. फंक्शनल प्रोग्रॅममधला खरा चिवट अनावश्यक कोड टाइपच्या व्याख्येत असतो, आणि त्यावर थोडे रेंगाळणे आवश्यक आहे.

माझ्या प्रोग्रॅममध्ये ‘स्वरूप’ नावाचा एक टाइप होता आणि त्याचे तीन कन्स्ट्रक्टर, म्हणजे त्या टाइपचे मूल्य तयार करण्याचे तीन प्रकार, होते: ‘स्तंभबद्ध’, ‘स्वल्पविरामी’ आणि ‘जुने’. फाइल वाचणारे फंक्शन पूर्वी तिन्ही ओळखत असे. पुढे जुन्या स्वरूपाच्या फाइली येणे थांबले आणि कोणीतरी वाचणाऱ्या फंक्शनमधून ती शाखा काढली. टाइप मात्र तसाच राहिला. आता ‘जुने’ हे मूल्य तयार करणारी एकही ओळ प्रोग्रॅममध्ये नव्हती. पण तपासणीत, रूपांतरात, अहवालाच्या मथळ्यात, जिथे जिथे ‘स्वरूप’वर पॅटर्न मॅच (मूल्य कोणत्या कन्स्ट्रक्टरचे आहे त्यानुसार शाखा निवडणे) होता, तिथे तिथे ‘जुने’साठी एक शाखा होती. शिवाय ती काढायची सोयही नव्हती, कारण काढली की कंपायलर मॅच अपूर्ण असल्याचा इशारा देणार. ज्या तपासणीवर आपण एरवी विश्वासाने विसंबतो, तीच इथे कधीही न चालणाऱ्या शाखा जपून ठेवायला लावत होती. नवीन फंक्शन लिहिणाराही मुकाट्याने ‘जुने’साठी शाखा लिहीत होता आणि तिच्यासाठी नवीन मदतनीस फंक्शने जन्माला येत होती. सफाईनंतरही कोड पुन्हा का साचत होता, याचे उत्तर मला इथे मिळाले.

जीएचसीच्या दृष्टीने पॅटर्नमध्ये आलेला कन्स्ट्रक्टर वापरलेलाच असतो, त्यामुळे तो काही सांगत नाही. ओकॅमल इथे अधिक सूक्ष्म आहे: त्याचा ३७ क्रमांकाचा इशारा स्पष्ट म्हणतो की हा कन्स्ट्रक्टर मूल्य तयार करण्यासाठी कधीच वापरलेला नाही, तो पॅटर्नमध्ये मात्र दिसतो. अर्थात टाइप इंटरफेसमधून बाहेर उघडा केलेला नसेल तरच. एल्म-रिव्ह्यूचा कस्टम टाइप कन्स्ट्रक्टरविषयीचा नियमही हाच भेद करतो, आणि तोही पूर्ण प्रकल्पभर.

हॅस्केलमध्ये हे हाताने करावे लागते, पण ते अवघड नाही. कन्स्ट्रक्टरचे नाव व्याख्येतच बदलावे, उदाहरणार्थ ‘जुने’चे ‘जुने-तपास’ करावे, आणि बिल्ड करावा. कंपायलर प्रत्येक वापराच्या जागी चूक दाखवेल. त्या यादीत बाणाच्या किंवा बरोबरच्या चिन्हाच्या उजवीकडची एकही जागा नसेल, सगळ्या डावीकडच्या, म्हणजे पॅटर्नमधल्याच असतील, तर मूल्य तयार होण्याचा मार्ग उरलेला नाही. मात्र साधित, म्हणजे कंपायलरकडून आपोआप लिहवून घेतलेले, इन्स्टन्सही मूल्ये तयार करू शकतात हे विसरू नये: ‘रीड’, ‘ईनम’, ‘बाउंडेड’ किंवा जेसॉन वाचणारा इन्स्टन्स साधित केलेला असेल, तर बाहेरून आलेल्या मजकुरातून किंवा क्रमाने मोजताना ‘जुने’ अवतरू शकते, आणि चुकांच्या यादीत ते दिसणार नाही. आमच्या ‘स्वरूप’वर यांतला एकही इन्स्टन्स नव्हता, याची खात्री केल्यावरच कन्स्ट्रक्टर काढला. त्यानंतर कंपायलरने प्रत्येक मृत शाखा एकेक करून दाखवली. त्या काढल्यावर वीडर पुन्हा चालवला, तर केवळ त्या शाखांतून बोलावली जाणारी फंक्शने तणाच्या यादीत आली. सर्वांत जास्त कोड याच टप्प्यात गेला.

इथे अधोरेखेचा पॅटर्न वापरणाऱ्यांसाठी एक सूचना. ‘बाकी काहीही’ अशी शाखा मॅचच्या शेवटी लिहिलेली असेल, तर कन्स्ट्रक्टर काढल्यावर तिथे चूक येत नाही. ती शाखा आता कोणासाठी उरली आहे हे हाताने पाहावे लागते. आधीच्या पॅटर्नांनी सर्व शक्यता संपवल्या असतील, तर ‘ओव्हरलॅपिंग-पॅटर्न्स’ हा इशारा तिला निरर्थक म्हणून दाखवतो, आणि तो मुळातच चालू असतो.

नुसताच पुढे पुढे दिला जाणारा पॅरामीटर

एखादे फंक्शन पॅरामीटर घेते आणि शरीरात त्याचा उल्लेखच करत नाही, हे ‘अनयूज्ड-मॅचेस’ इशारा पकडतो. पण पुनरावर्ती फंक्शनने पॅरामीटर घेतला आणि फक्त स्वतःला पुढे दिला, तर उल्लेख झालेला असतो आणि इशारा गप्प राहतो. ‘बेरीज-कर’ नावाच्या फंक्शनमध्ये आमच्याकडे सेटिंगचा एक मोठा रेकॉर्ड असा फिरत होता: दर फेरीत आत यायचा, पुढच्या फेरीला दिला जायचा, आणि त्यातले एकही फील्ड कोणी वाचत नसे. त्या रेकॉर्डसाठी मग बोलावणाऱ्यालाही तो मिळवून आणावा लागत होता, त्याच्या बोलावणाऱ्यालाही.

एल्म-रिव्ह्यूचा पॅरामीटरांविषयीचा नियम केवळ पुनरावर्तनात वापरलेला पॅरामीटर ओळखतो. हॅस्केलमध्ये कंपायलरला हे आतून माहीत असते. ऑप्टिमायझेशन चालू असताना जीएचसी मागणीचे विश्लेषण करतो आणि कोणता पॅरामीटर मुळीच लागत नाही हे स्थिरबिंदूपर्यंत, म्हणजे निकाल बदलायचा थांबेपर्यंत, फेऱ्या करून ठरवतो. विश्लेषणाचा निकाल छापायला सांगितले की अशा पॅरामीटरच्या जागी ‘ॲब्सेंट’चे आद्याक्षर दिसते. कंपायलर तयार होणाऱ्या यंत्र-कोडमधून तो पॅरामीटर आपोआप गाळतो, म्हणून वेगाच्या मोजमापात तो कधी दिसत नाही. आपल्या लिखित कोडमध्ये मात्र तो राहतो आणि वाचणाऱ्याच्या डोक्यावर त्याचे ओझे राहते.

जीएचसीबरोबर येणारे एचपीसी हे साधनही इथे उपयोगी पडते. हॅस्केल आळशी मूल्यमापनाची, म्हणजे मूल्य लागेल तेव्हाच मोजणारी, भाषा असल्यामुळे बोलावलेल्या फंक्शनचे प्रत्येक आर्ग्युमेंट मोजले जातेच असे नाही, आणि एचपीसी प्रत्येक उपपदावलीची नोंद ठेवते. तिने तयार केलेल्या पानावर कधीही मोजली न गेलेली पदावली पिवळी दिसते. ‘बेरीज-कर’च्या बोलावण्यात सेटिंग तयार करणारा भाग पिवळा दिसला, तेव्हा शंका पक्की झाली. पिवळा रंग हा पुरावा नव्हे, कारण तो फक्त त्या एका चालवण्याविषयी बोलतो. कोठे पाहावे हे तो उत्तम सांगतो.

काढण्याआधी काय तपासावे

साधनाने दाखवले म्हणून लगेच पुसू नये. टेम्प्लेट हॅस्केलने (कंपाइल होतानाच कोड तयार करणाऱ्या सोयीने) तयार झालेल्या कोडमधूनच वापरले जाणारे फंक्शन वीडरला दिसत नाही. सशर्त कंपाइल होणारा भाग ज्या पर्यायाने बिल्ड केला त्यापुरताच दिसतो, म्हणून प्रत्येक पर्यायाने बिल्ड करून याद्यांतले समान तेवढेच घ्यावे. अर्लांग आणि एलिक्सिरमध्ये मॉड्यूल आणि फंक्शन यांची नावे चालू प्रोग्रॅममध्ये मूल्य म्हणून तयार होऊ शकतात, आणि ‘अप्लाय’मधून झालेले असे बोलावणे एक्सरेफला उलगडत नाही, बिहेव्हियरची कॉलबॅक फंक्शनेही चौकटीच (फ्रेमवर्क) बोलावतात, आपला कोड नाही. क्लोजरमध्ये एखादे नेमस्पेस केवळ त्यातल्या ‘डेफमेथड’ची (एका फंक्शनच्या विशिष्ट प्रकारासाठीच्या व्याख्येची) नोंद व्हावी म्हणून आयात केलेले असते. अशा नावांना मुळांच्या यादीत टाकावे आणि शेजारी कारण लिहावे. कारणाशिवाय टाकलेले मूळ पुढच्या सफाईला आंधळे करते.

न वापरलेले मूल्य काढणे शुद्ध आणि आळशी भाषेत निर्धोक असते, कारण ते कोणी मागत नसेल तर ते मोजलेच जात नव्हते. ओकॅमल किंवा एफ शार्पमध्ये तसे नाही: उजवी बाजू मोजली जातेच, आणि तिने फाइलमध्ये काही लिहिले, अपवाद फेकला किंवा ती कधी संपलीच नाही, तर नाव काढल्याने वर्तन बदलते. तिथे नाव काढून उजवी बाजू ठेवायची की दोन्ही काढायचे, हा निर्णय दर ठिकाणी वाचूनच घ्यावा.

हॅस्केलमध्येही एक सापळा आहे, आणि तो मी स्वतः अनुभवला. एका मॉड्यूलमध्ये ‘दर’ नावाची व्याख्या होती, किंमत नुसती २, टाइप लिहिलेला नव्हता. एका ठिकाणी तिचा ‘डबल’ संख्येशी गुणाकार होत होता आणि दुसऱ्या ठिकाणी ती अहवालात छापली जात होती. गुणाकार करणारे फंक्शन अनावश्यक ठरले, काढले, बिल्ड विनातक्रार झाला, आणि अहवालात २.० च्या जागी २ छापून येऊ लागले. कारण असे: टाइप न लिहिलेल्या अशा व्याख्येला एकच टाइप मिळतो आणि तो पूर्ण मॉड्यूलमधल्या वापरांवरून ठरतो. तो ‘डबल’ ठरवणारा एकमेव वापर त्या मृत फंक्शनमध्ये होता. तो गेल्यावर नियमानुसार ‘इंटिजर’ हा टाइप ठरला. मृत कोड चालत नव्हता, तरी टाइप ठरवण्याचे काम करत होता. म्हणून सफाईपूर्वी ‘मिसिंग-सिग्नेचर्स’ हा इशारा शून्यावर आणावा आणि प्रत्येक वरच्या व्याख्येचा टाइप लिहून टाकावा. आधी टाइप लिहिण्याचा बदल, मग काढण्याचा बदल, असे दोन वेगळे कमिट करावेत. काही बिघडलेच तर कोणत्या बदलाने, हे लगेच कळते.

काढताना कोड कॉमेंट करून ठेवू नये. जुनी आवृत्ती गिटमध्ये आहेच. कॉमेंटमधला कोड कंपायलर तपासत नाही, साधन पाहत नाही, आणि तो काढण्याची जबाबदारी कोणाचीच राहत नाही.

पुन्हा साचू नये म्हणून

वरची सगळी कामे एकदाच करून थांबलो, तर तिसरी सफाईही पहिल्या दोन सफायांच्याच वाटेने जाईल. म्हणून तपासणी दर बदलासोबत आपोआप चालली पाहिजे. न वापरलेली नावे, आयाती आणि पॅटर्न यांविषयीचे इशारे, तसेच एक्स्पोर्ट यादी नसल्याचा इशारा, सीआयमध्ये (दर बदलासोबत बिल्ड आणि चाचण्या आपोआप चालवणाऱ्या व्यवस्थेत) चुका म्हणून धरावेत. पॅकेजच्या वर्णनफाइलमध्ये तसे लिहू नये, कारण कंपायलरची पुढची आवृत्ती नवा इशारा घेऊन आली की ते पॅकेज वापरणाऱ्यांचा बिल्ड मोडतो. ओकॅमलमध्ये ड्यूनचे विकासकाचे प्रोफाइल बहुतेक इशाऱ्यांना चुकाच मानते आणि प्रकाशनाचे प्रोफाइल तसे मानत नाही, त्यामुळे तिथे ही विभागणी तयार मिळते. तण सापडले तर वीडर अपयशाचा संकेत देऊनच संपतो, म्हणून तो सीआयमध्ये जोडायला एक ओळ पुरते. शिळ्या फाइलींचा मुद्दा इथे पुन्हा उभा राहतो: सीआय बिल्डचे फोल्डर साठवून ठेवत असेल, तर वीडरच्या पायरीसाठी ते साठवलेले फोल्डर वापरू नये.

ग्रंथालय म्हणून प्रकाशित होणाऱ्या पॅकेजची गोष्ट निराळी आहे. तिथे बाहेर उघडी केलेली मॉड्यूलेच मुळे असतात, आणि ती वापरणारे लोक आपल्याला दिसत नाहीत. अशा फंक्शनला आधी कालबाह्य म्हणून खूण करावी, हॅस्केलमध्ये ‘डेप्रिकेटेड’ प्रॅग्मा आणि ओकॅमलमध्ये त्याच नावाचे ॲट्रिब्यूट त्यासाठी आहे, सोबत कोणते फंक्शन वापरावे ते लिहावे, आणि पुढच्या मोठ्या आवृत्तीत ते काढावे. ही खूण केल्याच्या दिवशीच त्या फंक्शनचा पॅकेजच्या आतला वापर शून्यावर आणून ठेवावा, म्हणजे काढण्याचा दिवस आला की त्याच्या मागे लपलेले दुसरे काही उरत नाही.